घण आणि पोकलेन : परभणी जिल्ह्यातील पाषाणभेदनाविषयी

परभणी जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासात कापूस, जोंधळा व कालवे यांना जे स्थान लाभले, ते दगड फोडणाऱ्या हत्याराला लाभलेले नाही. वास्तविक येथील काळ्या मातीखाली मुरूम, पुढे मांजऱ्या आणि अखेर काळा कठीण पाषाण लागतो. विहीर खणावयाची तर या पाषाणाशी गाठ ठरलेलीच. सेलू तालुक्यातील वालूरची बारव किंवा जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची मंदिरे यांच्या शिल्पाविषयी लिहिले जाते. ती ज्या घण-छिन्नीने घडली, त्यांच्याविषयी अभ्यासकांनी फारसे कुतूहल दाखविलेले नाही.

दगड फोडणाऱ्या वडारांच्या कामात एक शास्त्र होते. घणाचे वजन मनगटाला पेलले पाहिजे. जड घण माणसाला मोडतो, हलका घण दगडाला नुसता खाजवितो. सुरुंगाने बळ वाढले, परंतु वस्तीलगत त्याला मर्यादा पडल्या. शिवाय १८८४ च्या स्फोटक कायद्यानुसार परवान्याचे बंधनही होते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा पुढे या जिल्ह्यात आला, आणि खोदकामाचे प्रमाणच पालटले.

यंत्राच्या आगमनाचा पहिला पुरावा भाषेत सापडतो. आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या उत्खननयंत्रास ‘पोकलेन’ म्हणतात. हे मूळचे एका फ्रेंच कारखान्याचे नाव. शेतीच्या अवजारांपासून आरंभ केलेल्या या कारखान्याने १९६१ च्या सुमारास संपूर्ण तेलदाबावर चालणारे यंत्र बाजारात आणले, आणि पुढे लार्सन अँड टुब्रोच्या सहकार्याने ती यंत्रे भारतात तयार होऊ लागली. तेलदाबावर चालणारा घण जर्मनीतील क्रुप कारखान्याने १९६७ मध्ये पुढे आणला. आपल्याकडील कारागीर त्याला ‘ब्रेकर’ म्हणतात. तेलाच्या दाबाने दट्ट्या वर उचलला जातो आणि माथ्याच्या कप्प्यातील नायट्रोजन वायू आवळला जातो. मग झडप फिरते व दट्ट्या छिन्नीवर आदळतो.

परंतु घण विकत घेतला म्हणजे तो बसला, असे नव्हे. वीस टनांच्या पोकलेनला साधारणतः दीड ते दोन टनांचा, १३५ ते १४० मिलिमीटर व्यासाच्या छिन्नीचा घण शोभतो. त्याला मिनिटाला १२० ते १८० लिटर तेल लागते. घण याहून जड असेल, तर हात लांबविताच यंत्राचा तोल जातो. उलट लहान घणाला मोठ्या पंपाचे तेल मिळाले, तर तेल तापते व सील फाटतात. वडारांचे मनगटाचे शास्त्र येथे केवळ आकड्यांत उतरले आहे.

बसविण्याचे कामही नाजूकच. बादली उतरवून त्या जागी घणाची चौकट येते. पिनेचा व्यास, बुश आणि हाताची रुंदी यांत थोडी जरी ढिलाई राहिली, तरी प्रत्येक ठोक्यासरशी भोके वाढत जातात. मग हातालगत दोन नळ्या घालाव्या लागतात. एकीतून तेल घणाकडे जाते. दुसरीतील परतीचे तेल गाळणीवाटे थेट टाकीत सोडतात, कारण परतीच्या वाटेत दाब राहिला तर ठोक्याचा जोर मरतो. नळ्या जोडण्यापूर्वी त्यांतील कचरा धुऊन काढणे अवश्य असते. लोखंडाचा एक कीस आतील झडप बिघडविण्यास पुरेसा होतो. सुरक्षा-झडपेचा दाब मीटर लावूनच ठरवावा लागतो. (ही गोष्ट कानाने साधते, असे सांगणारे मिस्त्री पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही.) पहिले काही ठोके मंद गतीने देतात, आणि मग पिना व बोल्ट पुन्हा आवळतात.

एकाच जागी पंधरा-वीस सेकंदांत दगड फुटला नाही, तर छिन्नी हलवावी, असा संकेत आहे. हातसुरुंग पाडणारा प्रत्येक घावानंतर पहार किंचित फिरवीत असे. दगडाचा स्वभाव दोघांनीही ओळखला होता. मात्र पोकलेनवर एक चालक बसला आणि विहिरीच्या तळाशी काम करणाऱ्या टोळीची मजुरी गेली. हे नुकसान कोणत्याही कालव्याच्या हिशेबात धरले गेलेले नाही.

या इतिहासाची साधने सरकारी दप्तरापेक्षा दुरुस्ती-गॅरेजांच्या बिलबुकांत अधिक मिळतील, असे मला वाटते. कोणत्या गावच्या विहिरीवर छिन्नी किती तासांत झिजली, बुश केव्हा बदलले, नायट्रोजन किती वेळा भरला, हे त्यांत लिहिलेले असते. आणि जुनी बिलबुके दरवर्षी रद्दीत जातात.