जनरल ड्युटी असिस्टंट मूल्यांकन परीक्षा: सराव प्रश्नांच्या मदतीने तयारी कशी करावी

ही माहिती कोणासाठी आहे?

प्रधानमंत्री कौशल विकास योजना (पीएमकेव्हीवाय) किंवा दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेतून तुम्ही रुग्णसेवेचे, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट (जीडीए) या कामाचे प्रशिक्षण घेत असाल आणि आता शेवटचे मूल्यांकन जवळ आले असेल, तर हे पान तुमच्यासाठी आहे. रुग्णालयात अनेक वर्षे मावशी किंवा मामा म्हणून काम करून आता पूर्वज्ञान मान्यता (आरपीएल) घटकातून प्रमाणपत्र घेऊ इच्छिणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल.

आधी एक गैरसमज दूर करू. जीडीए प्रमाणपत्र म्हणजे नर्सिंगचा परवाना नव्हे. नर्स म्हणून काम करण्यासाठी एएनएम (२ वर्षे), जीएनएम (३ वर्षे) किंवा बी.एस्सी. नर्सिंग (४ वर्षे) हा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून राज्य नर्सिंग परिषदेत नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र नर्सिंग परिषद करते. ‘सहा महिन्यांत नर्स बना’ अशी जाहिरात करून पैसे घेणाऱ्यांपासून सावध राहा. जीडीएचे काम नर्सच्या देखरेखीखाली चालते आणि परीक्षेतील निम्मी कोडी याच एका वाक्याने सुटतात.

परीक्षेचे स्वरूप

जीडीए या कामाचा क्वालिफिकेशन पॅक (क्रमांक एचएसएस/क्यू ५१०१) हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने तयार केलेला आहे. त्यात कामाचा प्रत्येक भाग, त्याचे लेखी व प्रात्यक्षिक गुण आणि उत्तीर्ण होण्याची अट छापलेली असते. केंद्राकडून त्याची प्रत मागून घ्या. कोणत्या भागाला जास्त गुण आहेत हे पाहून अभ्यास केला तर वेळ वाचतो.

मूल्यांकन तुमचे प्रशिक्षक करत नाहीत, बाहेरच्या मूल्यांकन संस्थेचे परीक्षक करतात. लेखी भागात पर्यायी उत्तरांचे प्रश्न असतात. प्रात्यक्षिकात पुतळ्यावर किंवा सहकाऱ्यावर कृती करून दाखवायची असते आणि तोंडी प्रश्नही विचारले जातात.

प्रश्न कोणत्या भाषेत येतील, हे बॅच सुरू असतानाच विचारून ठेवा. सुरत, इंदूर, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी प्रशिक्षण घेणाऱ्या मराठी मुलामुलींनी तर नक्कीच विचारावे. शिकवणे हिंदीत, वॉर्डातले बोलणे कन्नड किंवा गुजरातीत आणि प्रश्न इंग्रजीत असे झाले, की येणारे उत्तरही चुकते.

उत्तरे पाठ करू नका

अनेक प्रशिक्षणार्थी जुन्या प्रश्नांचा संच मिळवतात आणि ‘पहिल्याचे ब, दुसऱ्याचे क’ असे पाठ करतात. पर्यायांचा क्रम बदलला की सगळे कोसळते. तोंडी परीक्षेत परीक्षक हमखास ‘का?’ विचारतात आणि त्या ‘का’चे उत्तर संचात नसते. ‘हमखास पास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रश्नसंचावर एक रुपयाही खर्च करू नका. योजनेत प्रशिक्षण मोफत आहे आणि सरावाला लागणारे साहित्य घरातही सापडते.

आम्ही सुचवू ती पद्धत साधी आहे. प्रश्न वाचा, पर्याय हाताने झाका आणि आधी स्वतःचे उत्तर ठरवा. मग पर्याय उघडा. चुकले तर वहीत प्रश्न लिहू नका, चूक कशामुळे झाली ते लिहा: माहिती नव्हती, प्रश्न घाईत वाचला, की आपल्या अधिकारात नसलेले काम करायला गेलो? दहा-बारा दिवसांत वहीच सांगेल की तुमचा अडथळा नेमका कोठे आहे. आरपीएलच्या उमेदवारांचा अडथळा बहुधा वेगळा असतो. हात सराईत असतात, पण ‘आमच्या वॉर्डात असेच करतात’ ही सवय नियमाच्या आड येते.

सरावासाठी काही प्रश्न

१. रुग्णाचे सकाळी ऑपरेशन आहे. रात्री बारानंतर तोंडाने काही द्यायचे नाही, अशी सूचना आहे. पहाटे तो म्हणतो, ‘घसा सुकलाय, दोन घोट पाणी द्या.’ तुम्ही काय कराल?
(अ) दोनच घोट द्याल (ब) नातेवाइकांना द्यायला सांगाल (क) पाणी न देता कारण समजावाल आणि सिस्टरला कळवाल (ड) दुर्लक्ष कराल
उत्तर: क. भूल दिल्यावर पोटातील पाणी वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकते. ‘ड’ निवडणाऱ्यांनी पाणी दिले नाही, पण माणसाला एकटे सोडले, म्हणून तेही चूक. त्याने आधीच कोणाकडून पाणी घेतले असेल तर तेही सिस्टरला सांगायचे, लपवायचे नाही.

२. सलाइन फार हळू चालले आहे, वेग वाढवा, असे नातेवाईक सांगतात. तुम्हाला चाक फिरवता येते. फिरवाल का?
उत्तर: नाही. सलाइनचा वेग ठरवणे हे डॉक्टर-नर्सचे काम आहे. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला वेगाने गेलेले पाणी धोक्याचे ठरू शकते. सिस्टरला बोलवा. येते म्हणून करायचे नाही, हे या कामातले सर्वांत अवघड शिक्षण आहे.

३. अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या माकडहाडाजवळ त्वचा लाल झाली आहे, दाबली तरी लाली जात नाही. काय कराल?
(अ) तेल लावून चोळाल (ब) कूस बदलून त्या जागेवरचा दाब काढाल आणि सिस्टरला कळवाल (क) गरम शेक द्याल (ड) पावडर लावाल
उत्तर: ब. घरी आपण दुखऱ्या जागी तेल चोळतो, त्यामुळे इथे बहुतेकांचा हात ‘अ’वर जातो. पण ही बेडसोरची सुरुवात आहे आणि चोळल्याने आतली इजा वाढते. कूस बदलण्याचे वेळापत्रक साधारण दर दोन तासांचे असते. चादरीला सुरकुती नको, त्वचा ओली राहू द्यायची नाही.

४. सकाळी ८ ते दुपारी २ या वेळात रुग्णाने १५० मिली चहा, २०० मिलीचे दोन ग्लास पाणी आणि चार घास पोळी-भाजी घेतली. सलाइन ५०० मिली गेले. लघवी ३०० आणि २५० मिली झाली, उलटी १०० मिली. इनटेक-आउटपुट तक्त्यात काय लिहाल?
उत्तर: इनटेक १०५० मिली, आउटपुट ६५० मिली. पोळी-भाजी यात मोजत नाहीत. उलटी मात्र मोजायची, तीच लोक विसरतात. मापाच्या भांड्याने मोजून लगेच लिहा. ड्युटी संपताना आठवून लिहिलेला आकडा उपयोगाचा नसतो.

५. पंधरा सेकंदांत नाडीचे २२ ठोके मोजले. मिनिटाचे किती? हे ठीक आहे का?
उत्तर: ८८. विश्रांतीत असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी ६० ते १०० ठीक मानतात. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण मिनिट मोजा. अंगठ्याने मोजू नका, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी त्यात मिसळते.

६. सुई, रक्ताने भिजलेला कापूस, सलाइनची प्लॅस्टिक नळी, औषधाची फुटलेली काचेची बाटली आणि नातेवाइकांनी टाकलेला बिस्किटाचा पुडा. कोणती वस्तू कोठे?
उत्तर: जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार सुई पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात, कापूस पिवळ्या पिशवीत, नळी लाल पिशवीत, काच निळ्या खुणेच्या खोक्यात. बिस्किटाचा पुडा साध्या कचऱ्यात. रुग्णालयातले सगळेच पिवळ्या पिशवीत, ही नेहमीची चूक. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचे नाही, परीक्षेत नाही आणि नोकरीतही नाही.

७. डाव्या बाजूला लकवा झालेल्या काकांना सदरा घालायचा आहे. कोणता हात आधी?
उत्तर: घालताना लकव्याचा हात आधी, काढताना चांगला हात आधी. चाकाच्या खुर्चीत बसवताना खुर्ची चांगल्या बाजूला ठेवा, आणि ब्रेक लावल्याशिवाय उठवू नका.

८. रुग्ण बाथरूममध्ये पडलेला दिसला. पहिली कृती कोणती?
उत्तर: त्याच्याजवळ थांबून हाक मारा, प्रतिसाद आणि श्वास पाहा आणि मदतीसाठी आवाज द्या. घाईने उचलू नका. मान किंवा कमरेचे हाड मोडले असेल तर उचलण्याने इजा वाढते. अशा प्रश्नात ‘पहिली’, ‘सर्वांत आधी’ हे शब्द बोटाने अधोरेखित करा. चारही पर्याय बरोबर असू शकतात, फक्त क्रम विचारलेला असतो.

प्रात्यक्षिक: तोंडाने बोलत करा

प्रात्यक्षिकात गुण जातात ते बहुधा मुख्य कृतीत नाही, तिच्या आधी आणि नंतर. परीक्षक तुमच्या मनातले वाचू शकत नाहीत, म्हणून प्रत्येक पायरी बोलून दाखवा. ‘नमस्कार काका, मी तुमची चादर बदलायला आले आहे. तुमचे पूर्ण नाव सांगाल?’ मग मनगटावरच्या पट्टीशी नाव जुळवायचे, पडदा ओढायचा, हात स्वच्छ करायचे. काम झाल्यावर घंटी रुग्णाच्या हाताशी ठेवायची, पलंगाचे कठडे वर करायचे, हात पुन्हा धुवायचे आणि नोंद करायची.

हात धुणे किरकोळ समजू नका. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद आणि सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, ही जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत आहे. हात कधी स्वच्छ करायचे याचे पाच प्रसंगही तोंडपाठ हवेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, रक्त किंवा शरीरातील द्रवाचा संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यावर. हातमोजे घातले म्हणून हात धुणे टळत नाही.

घरी सराव करायला पुतळा नको. सासूबाई, भाऊ, शेजारची मैत्रीण कोणीही रुग्ण होऊ शकते. जुनी साडी ड्रॉ शीट म्हणून वापरा. लघवीच्या पिशवीऐवजी पाण्याने अर्धी भरलेली प्लॅस्टिक पिशवी बांधा आणि कूस बदलताना ती कमरेच्या वर जाणार नाही व जमिनीला टेकणार नाही, एवढे सांभाळून पाहा. दोन वेळा केले की हातात बसते. रुग्ण झालेल्या व्यक्तीला नंतर विचारा, ‘कुठे ओढले गेले का? भीती वाटली का?’ परीक्षकही हेच पाहत असतात.

सीपीआर विचारला जातोच. प्रौढासाठी ३० वेळा छाती दाबणे आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. घट्ट उशीवर वेगाचा सराव करा. जिवंत माणसाच्या छातीवर कधीही करू नका.

परीक्षेपूर्वीची कागदपत्रे

आधार कार्डावरील नाव आणि स्किल इंडिया डिजिटल हबवरील तुमच्या नोंदणीतील नाव एकच आहे का ते आठवडाभर आधी पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत इथे घोळ होतो, आणि प्रमाणपत्र छापल्यावर दुरुस्तीला वेळ लागतो. हजेरीची नोंदही तपासा, कारण ती अपुरी असेल तर मूल्यांकनाला बसता येत नाही. परीक्षेच्या दिवशी मूळ आधार कार्ड सोबत ठेवा, नखे कापा, केस बांधा, अंगठ्या-बांगड्या घरी ठेवा.

नापास झालात तर कोणत्या भागात गुण कमी पडले ते केंद्राकडून लेखी घ्या आणि पुनर्मूल्यांकनाबद्दल विचारा. केंद्र परीक्षेसाठी किंवा ‘पास करून देण्यासाठी’ पैसे मागत असेल तर देऊ नका. महाराष्ट्रात जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात लेखी तक्रार करता येते आणि तक्रारीची पोच घ्यायला विसरू नका. उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र स्किल इंडिया डिजिटल हबवरील तुमच्या खात्यातून डाउनलोड करा. मुलाखतीला जाताना त्याची प्रत न्या, मूळ प्रमाणपत्र कोणत्याही एजंटकडे ठेवायला देऊ नका.