वकील : कोणाच्या वतीने?

माहीम स्टेशन सुटलं की लोकल खाडीवर येते. नाक दाबायचं, मोबाईलमधून डोकं वर न काढता वांद्रे येण्याची वाट बघायची, एवढंच आपलं त्या खाडीशी नातं. पण १७३९ ते १७७४ अशी पस्तीस वर्षं ही खाडी दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे माहीमचा किल्ला आणि कंपनी सरकार. पलीकडे वांद्र्यापासून सगळी साष्टी, आणि तिथे पेशव्यांचा अंमल. सरहद्द आली की ती ओलांडून बोलायला माणूस लागतो. त्या माणसाला आपल्याकडे म्हणायचे वकील.

शाळेतलं आठवा. चौथीच्या पुस्तकात शिवाजी महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ आणि अफजलखानाचे वकील कृष्णाजी भास्कर होते. वर्गातल्या निम्म्या पोरांना वाटायचं की प्रतापगडावर कोर्टकेस चालू आहे. (मला तर नक्की वाटायचं.)

शब्द मूळचा अरबी. ज्याच्यावर एखादं काम सोपवलं, जो दुसऱ्याच्या वतीने बोलतो, तो वकील. मुसलमानांच्या निकाहात वधूची संमती घेऊन येणारा असतो, त्यालाही वकीलच म्हणतात. त्याला कायद्याची पदवी लागत नाही. लागतो तो फक्त विश्वास.

मराठेशाहीत वकिली हा अख्खा पेशा होता. दिल्लीत नाशिककडचं हिंगणे घराणं, हैदराबादला निजामाच्या दरबारात गोविंदराव काळे. नजराणा द्यायचा, गोड बोलायचं, आणि रात्री बसून पुण्याला पत्र लिहायचं : कोण कोणाला भेटलं, कोणाची फौज हलली, बाजारात काय अफवा आहे. अठराव्या शतकातल्या दिल्लीबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं कितीतरी या पत्रांतून आलंय. वकिलाकडे स्वतःची सत्ता काहीच नसायची. धन्याची फौज जिंकली की त्याला दरबारात पुढे जागा, हरली की तोच माणूस परक्या शहरात ओलीस.

इंग्रजांनी हा खेळ लवकर ओळखला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला. त्यांनी एकाच वेळी दोन माणसं धाडली. कॅप्टन इंचबर्ड वसईला चिमाजी अप्पांकडे तह करायला, आणि कॅप्टन गॉर्डन थेट साताऱ्याला शाहू महाराजांकडे. गॉर्डनकडे आदबशीर पत्र होतं. शिवाय बाजीरावावर दरबारात कोण कोण नाराज आहे, तेही बघून यायचं होतं. म्हणजे पेशव्याशी दोस्ती आणि पेशव्याच्या विरोधकांची चाचपणी, दोन्ही एकाच महिन्यात.

या शब्दाची सगळ्यात मोठी चढण उत्तरेत झाली. १७८४ मध्ये बादशहा शाह आलमने पेशव्याला ‘वकील-इ-मुतलक’ केलं, म्हणजे बादशाहीचा सर्वाधिकारी मुखत्यार, आणि महादजी शिंदे झाले त्याचे नायब. बादशहाकडे तेव्हा स्वतःचं फारसं काही उरलेलं नव्हतं. तरी १७९२ मध्ये महादजी ती वस्त्रं आणि फर्मान घेऊन पुण्यात आले तेव्हा नाना फडणवीस बिथरले. पेशवा आधीच छत्रपतींचा नोकर. तो आणखी बादशहाचाही वकील कसा होणार? अखेर साताऱ्याहून परवानगी आणवली आणि मगच दरबार भरला. मला या प्रसंगात नानांचा मत्सर दिसतो, पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

मग उतरण. १७८६ पासून पुण्यात इंग्रजांचा मॅलेट होता. पुण्याच्या लेखी तोही वकीलच, कंपनीच्या लेखी मात्र ‘रेसिडेंट’. वकील निरोप पोहोचवतो. रेसिडेंट ठाण मांडून बसतो आणि हळूहळू घर चालवायला लागतो. १८१७ च्या पुण्याच्या तहात बाजीराव दुसऱ्याकडून लिहून घेतलं, की इतर दरबारांत वकील ठेवणार नाही, त्यांचे वकील स्वीकारणार नाही, जे बोलायचं ते रेसिडेंटमार्फत. शनिवारवाड्यावर झेंडा बदलला तो त्याच वर्षी नोव्हेंबरात. माझ्या मते राज्य जायला सुरुवात जूनमधल्या या कलमापासूनच झाली.

साताऱ्यालाही तीच अट घातली होती. १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंहांना गादीवरून काढलं, त्या आरोपांत गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप होता. म्हणजे परस्पर वकिली केल्याचाच. महाराजांनी दाद मागायला पाठवला तो पुन्हा वकीलच : रंगो बापूजी गुप्ते.

रंगो बापूजी लंडनला पोहोचले आणि चौदा-एक वर्षं तिथेच राहिले. कंपनीच्या संचालकांनी त्यांना वकील मानायलाच नकार दिला. तक्रार असेल तर मुंबई सरकारमार्फत पाठवा, म्हणाले. तक्रार मुंबई सरकारविरुद्धच होती! मग या गृहस्थांनी दुसरी वाट धरली. कंपनीचे भागधारक गाठले, पत्रकं छापली, सभांत बोलले. गुलामगिरीविरोधी चळवळीतले जॉर्ज थॉम्पसन साताऱ्याच्या बाजूने उभे राहिले. दाद मात्र मिळाली नाही.

१८४७ मध्ये प्रतापसिंह काशीत नजरकैदेत वारले. पुढच्या वर्षी सातारचं राज्यच खालसा झालं.

आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत नियम आहे, की अशील वारला की त्याने दिलेलं वकीलपत्र संपतं. रंगो बापूजींचा अशील वारला, ज्या राज्यासाठी भांडायचं ते नकाशावरून गेलं, आणि तरी हा माणूस राजाच्या कुटुंबासाठी आणखी पाच-सहा वर्षं लंडनमध्ये झगडत राहिला. परतताना डोक्यावर कर्ज होतं.

तोवर इकडे शब्दाने घर बदललं होतं. दरबार बंद पडले, कोर्टं उघडली. १८६२ मध्ये मुंबई हायकोर्ट सुरू झालं तेव्हा तिथे अ‍ॅडव्होकेट आणि वकील असे दोन वेगळे वर्ग होते, आणि वकील खालच्या पायरीवर. ती पायरी कायद्याने पुसली गेली १९६१ मध्ये. पेशव्याला बादशहाने बहाल केलेला शब्द आता माहीमच्या चाळीत दाराबाहेरच्या पाटीवर आला, आणि काही घरांत तर आडनाव होऊन बसला.

१८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा कट फुटला. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं : काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी निसटले. सरकारने शोध शोध शोधलं, पण ते हाती लागले नाहीत. ते कुठे गेले, कधी वारले, याचा पत्ता कोणालाच लागला नाही. त्यांचं चरित्र पुढे आपल्याच दादरच्या प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलं; १९४८ साली ते छापून आलं, तोवर सातारचं राज्य जाऊन बरोबर शंभर वर्षं झाली होती.