एक खोरें आणि तीन शास्त्रें

इतिहास, स्थापत्य आणि कायदा हीं तीन शास्त्रें आपल्या विद्यापीठांत तीन निरनिराळ्या इमारतींत शिकविलीं जातात, आणि त्यांचे पंडित सहसा एकमेकांच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवीत नाहींत. नदीला मात्र हे भेद ठाऊक नसतात. प्रवरा व मुळा या नद्यांच्या मुलखासंबंधीं या तिन्ही शास्त्रांनीं गेल्या कांहीं वर्षांत जें संशोधन केलें, तें एकत्र ठेवून पाहिलें असतां एकच प्रश्न पुनःपुन्हां पुढें येतो : कमी पावसाच्या प्रदेशांत गांव टिकतें तें कशाच्या आधारावर? आज त्याचाच थोडासा विचार करावयाचा आहे.

घोडेगांव हें अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील नेवासें तालुक्याचें गांव. छत्रपति संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील हें गांव कांद्याच्या बाजाराविषयीं प्रसिद्ध आहे. या भागांतील शेती विहिरींच्या व मुळेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर उभी आहे. मुळा प्रवरेस मिळते, प्रवरा प्रवरासंगम येथें गोदावरीस मिळते, आणि गोदावरी पुढें पैठणच्या नाथसागरांत जाते. तेव्हां येथल्या पाटांतलें पाणी आणि पैठणच्या धरणांतलें पाणी हीं मुळांत एकाच हिशेबाच्या वहींतलीं होत.

प्रथम इतिहासाकडे वळूं. नेवासें म्हटलें कीं मराठी माणसास शके १२१२ ची ज्ञानेश्वरी आठवते. परंतु पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनीं १९५४ ते १९५६ या काळांत नेवाशास उत्खनन केलें, तेव्हां या गांवाचा इतिहास ज्ञानेश्वरांच्याही फार मागें गेला. प्रवरेच्या कांठच्या दगडगोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारें मिळालीं. टेकाडाच्या पोटांत ताम्रपाषाण युगांतील शेतकऱ्यांची वस्ती निघाली. आणि त्याहून वरच्या थरांत रोमन मद्यकुंभांचे तुकडेही सांपडले. तत्पूर्वीं, १९५०-५१ मध्यें, संगमनेरजवळील जोर्वें येथें झालेल्या उत्खननावरून या प्राचीन शेतकऱ्यांच्या संस्कृतीस ‘जोर्वें संस्कृति’ असें नांव मिळालें होतें. पुढें १९७४ सालीं प्रवरेच्याच कांठीं दायमाबाद येथें बैलजोडी जुंपलेला रथ, रेडा, हत्ती व गेंडा अशा धातूच्या चार भारी मूर्ति सांपडल्या, आणि साऱ्या देशाचें लक्ष या खोऱ्याकडे लागलें.

या लोकांचें पुढें काय झालें? इ. स. पूर्वीं हजार ते सातशें या काळांत त्यांचीं बहुतेक गांवें ओस पडलीं. याचा सर्वांत सविस्तर पुरावा शेजारच्या भीमाखोऱ्यांत, घोडनदीच्या कांठीं इनामगांव येथें मिळाला. तेथें १९६८ पासून सुमारें पंधरा वर्षें उत्खनन चाललें होतें. आरंभीच्या काळांत चौकोनी मोठीं घरें, मुख्याच्या घरालगत धान्याचें कोठार, नदीचें पाणी वळविण्यासाठीं खणलेला पाट आणि त्यास बांध, असा तेथील गांवगाडा होता. नंतरच्या काळांत मोठीं घरें जाऊन लहान गोल झोंपड्या आल्या. डॉ. म. के. ढवळीकर यांनीं याची उपपत्ति अशी लाविली कीं, इ. स. पूर्वीं हजारच्या सुमारास हवामान कोरडें होत गेलें, शेती खचली, आणि लोक गुरें घेऊन भटके झाले. ही उपपत्ति बरीच वर्षें सर्वमान्य होती.

आतां तीस नवा प्रतिपक्ष उभा राहिला आहे. ग्वेन रॉबिन्स शूग या अमेरिकन संशोधिकेनें या संस्कृतीच्या गांवांत घराच्या जमिनीखालीं कुंभांत पुरलेल्या लहान मुलांच्या अस्थींचा अभ्यास केला, आणि त्यास प्राचीन हवामानाच्या नव्या मोजणीची जोड देऊन २०११ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. इनामगांवच्या उत्तरकाळांतील मुलांच्या हाडांवर खुंटलेल्या वाढीच्या खुणा दिसतात. परंतु हवामान पालटलें म्हणून गांव उठलें, एवढें एकच कारण त्यास पुरेसें नाहीं, असें तिचें प्रतिपादन आहे. हा प्रदेश आधींपासूनच कोरडा होता. त्यांत लोकांनीं काय पेरलें, काय खाल्लें, संकटास कसें तोंड दिलें, यांचाही हिशेब धरला पाहिजे. दोष सगळा आभाळावर टाकून इतिहासकारास मोकळें होतां येत नाहीं, हा या वादाचा मोठा लाभ होय.

दुसरें शास्त्र स्थापत्याचें. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९१० ते १९२६ या काळांत बांधलें गेलें. पाणी आलें, ऊस आला, परंतु त्यापाठोपाठ दख्खनच्या कालव्यांखालील जमिनी पाणथळ व चोपण होऊं लागल्या. पाणी देणें ही अर्धी विद्या, आणि दिलेलें जास्तीचें पाणी काढून नेणें ही उरलेली अर्धी, हें इंजिनियरांस येथें शिकावें लागलें. पाणी थोड्या जमिनीवर न ओततां अधिक गांवांत पोंचावें म्हणून विश्वेश्वरय्या यांनीं विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच ब्लॉक पद्धति सुचविली होती. पुढें प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनीं गोखले अर्थशास्त्र संस्थेमार्फत गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. ती १९४८ सालीं प्रसिद्ध झाली. धरणाचा जमाखर्च केवळ पाणीपट्टीवरून मांडावयाचा नसतो, ही दृष्टि त्या पाहणीनें दिली.

तिसरें शास्त्र कायद्याचें. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यानें नदीचें पाणी कालव्यांसाठीं घेण्याचा अधिकार सरकारास दिला. पण वरच्या व खालच्या गांवांनीं टंचाई कशी वांटून घ्यावी, हा प्रश्न मोकळाच राहिला. २००५ सालीं महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यांतील एका कलमाचा आशय असा कीं, ऑक्टोबर अखेर खोऱ्यांतील सर्व धरणांतील वापरण्याजोग्या पाण्याचें प्रमाण, खरिपास दिलेलें पाणी धरून, शेंकडेवारीनें जवळजवळ सारखें असावें. २०१२ च्या अवर्षणानंतर हें कलम अमलांत आणण्याची मागणी जोरानें पुढें आली. हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटानें २०१३ सालीं अहवाल दिला. प्राधिकरणानें २०१४ सालीं आदेश काढला. आणि २०१६ च्या सप्टेंबरांत मुंबई उच्च न्यायालयानें समन्यायी वांटपाचें तत्त्व उचलून धरलें. २०२३ सालीं याच तत्त्वानुसार वरच्या धरणांतून नाथसागरासाठीं सुमारें ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यांत मुळेचा वांटा २.१० आणि प्रवरेचा ३.३६ अब्ज घनफूट होता.

हे आंकडे वाचावयास सोपे आहेत, परंतु त्यांच्या मागें माणसें आहेत. इकडे उसास व कांद्यास पाण्याची एक पाळी कमी मिळते; तिकडे मराठवाड्यांत पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असतो. शिवाय वरचे आणि खालचे असा भेद वाटतो तितका सरळ नाहीं. आमच्या एकट्या नेवासें तालुक्यांत मुळेच्या कालव्यावरचे शेतकरीही आहेत, आणि ज्यांच्या जमिनी नाथसागरांत बुडाल्या किंवा जे आज त्याच्या फुगवट्यावर शेती करतात, तेही आहेत. एकाच तालुक्यांत वादी व प्रतिवादी शेजारी शेजारी नांदत आहेत.

येथेंच तीन शास्त्रांस एकमेकांची गरज लागते. कायदा शेंकडेवारी सांगतो. पण नदींतून सोडलेल्या पाण्यांतलें किती वाटेंत मुरतें आणि किती वाफ होऊन जातें, हें इंजिनियरानें मोजून दिल्यावांचून न्यायाचा कांटा स्थिर होत नाहीं. इंजिनियर पाणी मोजतो. पण तें कोणाचें, हें त्याच्या मोजपट्टीवर लिहिलेलें नसतें. आणि इतिहासाची आठवण ठेविली नाहीं, तर दोघांसही असें वाटूं लागतें कीं हें संकट या वर्षाच्या पावसानें आणलें आहे. वस्तुतः या मुलखांत पाऊस साडेतीन हजार वर्षांपूर्वींही भरंवशाचा नव्हता. पाट काढणारीं आणि कोठार भरणारीं गांवें तेव्हांही होतीं, व तीं ओस पडलीं.

दुःखाची गोष्ट एवढीच कीं, उत्खननाचे वृत्तांत, अभ्यासगटांचे अहवाल आणि न्यायालयाचे निकाल हे बहुतेक इंग्रजींत आहेत, आणि निरनिराळ्या कपाटांत आहेत. ज्यांच्या विहिरीचा व पाटाचा त्यांत निवाडा होतो, त्यांच्या हातीं वर्तमानपत्रांतला मथळा तेवढा येतो, आणि मथळ्यावरून भांडण होतें, विचार होत नाहीं. विद्यापीठांनीं या एका खोऱ्यापुरता तरी हा सारा पुरावा सोप्या मराठींत एकत्र छापून गांवोगांवच्या वाचनालयांत ठेवावा. त्यामुळें पाणी वाढणार नाहीं; परंतु वांटणीच्या वेळीं दोन्ही कांठांवरील लोकांपुढें एकच वही उघडी असेल. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं अशा ग्रंथाची मागणी केली, तर तो निघण्यास वेळ लागणार नाहीं, असें मला वाटतें.