चाळिशी

सोनपेठहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आमच्या गटातल्या एक ताई मोठ्या जिद्दीनं सही शिकल्या होत्या. पण मध्यंतरी हप्त्याच्या वहीत त्या पुन्हा अंगठा लावायला लागल्या. आम्हांला वाटलं, विसरल्या असतील. विचारलं तर म्हणाल्या, "विसरले नाही गं, रेघच दिसत नाही." वय बेचाळीस. सुईत दोरा ओवायलाही लेकीला हाक मारावी लागायची. घरी चष्म्याचं नाव काढलं तर, "आता काय कलेक्टर व्हायचंय?" म्हणून सगळे हसले.

म्हणून आज चष्म्याचा इतिहास सांगतो.

पाण्याच्या ग्लासात चमचा तिरका ठेवा. मोडल्यासारखा दिसतो. चमचा मोडत नाही, उजेड वळतो. उजेड हवेत सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, पाण्यात सव्वादोन लाख, काचेत दोन लाखांच्या आसपास. बैलगाडी पक्क्या रस्त्यावरून तिरकी चिखलात शिरली, की आधी चिखलात गेलेलं चाक मंदावतं आणि गाडी त्या बाजूला वळते. उजेडाचंही तसंच. यालाच शाळेच्या पुस्तकात अपवर्तन म्हणतात.

आपल्या डोळ्यातही एक भिंग असतं. जवळचं बघताना ते फुगतं आणि उजेड जास्त वळवतं. चाळिशीच्या सुमारास ते ताठर होत जातं. मग जवळच्या वस्तूचा उजेड पुरेसा वळत नाही आणि अक्षर पुसट दिसतं. म्हणून तर आपण वही लांब धरतो. मध्ये फुगीर असलेली काच डोळ्यापुढं आली, की राहिलेलं वळण ती पुरं करते.

हा वळणाचा नियम बगदादच्या इब्न सहल यांनी ९८४ च्या सुमारास मांडला होता. युरोपात तो स्नेल यांनी १६२१ मध्ये पुन्हा शोधला. पण इटलीतल्या कारागिरांनी १२८६ च्या आसपासच चष्मे घडवले होते. म्हणजे तिथं नियम कागदावर यायच्या तीनशे वर्षं आधी हातांनी काम केलं होतं.

आपल्याकडं चष्मा कधी आला, याचा शोध पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी घेतला. विजयनगरचे व्यासतीर्थ स्वामी १५२० च्या सुमारास चष्मा लावून पोथी वाचत, असा उल्लेख त्यांच्या चरित्रात आहे, तो गोडे यांनी पुढं आणला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला होता. चष्मा त्याच वाटेनं आला असावा, असं मानतात.

'चष्मा' हा शब्द फारसीतल्या 'चश्म' म्हणजे डोळा, यावरून आला. पण आपल्या म्हाताऱ्या माणसांचा शब्द आठवा: 'चाळिशी लागली'. वयालाही चाळिशी, नजर मंदावली तीही चाळिशी, आणि नाकावरचा चष्मा तोही चाळिशी! हे प्रत्येकाला होणारच, हे आपल्या भाषेनं कधीच ओळखलं होतं. मग त्यात लाज कसली?

एक गोष्ट मात्र आम्हांला खटकली. आम्ही वाचलं त्यात चष्मा दिसला तो पोथी वाचणाऱ्या स्वामींच्या, कागद लिहिणाऱ्या पुरुषांच्या डोळ्यांवर. वाकळ शिवणारी, तांदूळ निवडणारी, कापडाला काजं करणारी बाई तिथं दिसली नाही. बारीक काम तर तिचंच होतं.

आमच्या ताईंनी सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घेतले. मोतीबिंदू नाही, काचबिंदू नाही, नुसती चाळिशी निघाली. चष्मा आला. पुढच्या बैठकीत त्यांनी वही ओढून घेतली आणि रेघेवर सही केली. मग मागची दोन पानं उलटून म्हणाल्या, "इथं बेरीज चुकली की गं!"

खरंच चुकली होती.

मैत्रिणींनो, चाळिशी आली असेल तर आधी डोळे तपासून घ्या. बाजारातून अंदाजानं चष्मा उचलू नका. आणि तुमच्या गटात कुणी पुन्हा अंगठा लावायला लागली असेल, तर तिला एकदा विचारा.