घर ओढावे की हाकावे?

श्रोतेहो, लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाला शिदोरी बरोबर नेता येते, पांघरूण नेता येते, पण घर काही नेता येत नाही, अशी आपली जुनी समजूत. मोटारीच्या युगात पश्चिमेकडच्या हौशी प्रवाशांनी ती खोटी पाडली. त्यांनी घरालाच चाके लावली. चाके लावल्यावर मात्र एक वाद सुरू झाला, आणि शंभर वर्षे उलटली तरी तो मिटलेला नाही. घर मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यावे, की मोटारीच्याच पाठीवर घर बांधून ते हाकीत न्यावे? ओढायच्या घराला इंग्रज लोक कॅरव्हॅन म्हणतात, अमेरिकन लोक ट्रेलर म्हणतात. हाकायच्या घराचे नाव मोटारहोम. आपण त्याला मोटारघर म्हणू.

ट्रेलर हा शब्द आपल्याकडे समजावून सांगायला नकोच. गळिताचा हंगाम आला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर उसाने लादून कारखान्याकडे जाताना आपण पाहतो. दोघांतला फरकही शेतकऱ्याला एका वाक्यात कळेल. मुक्कामाला पोचल्यावर जू उतरवले, बैल सोडले, की गाडी जागेवर राहते आणि बैल पाण्यावर जातात. ट्रेलरचे तसे आहे. मोटारघर म्हणजे अंबारी बांधलेला हत्ती. हत्ती पाण्यावर न्यायचा तर अंबारीही डुलत बरोबर जाणार! एवढ्याशा फरकातून पुढे काय काय निघाले, तेच आज सांगायचे आहे.

हौसेखातर घर घेऊन फिरणारा पहिला नावाजलेला माणूस म्हणजे डॉ. गॉर्डन स्टेबल्स. हे स्कॉटलंडचे. ब्रिटिश आरमारात डॉक्टर होते, आणि निवृत्तीनंतर मुलांसाठी साहसकथा लिहीत. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टल येथील डबे बांधणाऱ्या एका कंपनीकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी करून घेतली. वजन दोन टनांच्या आसपास, ओढायला दोन घोडे. त्यात बसून ते इंग्लंडातून थेट स्कॉटलंडच्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले. हा प्रवास सुमारे १३०० मैलांचा. रस्ते अरुंद, गाडी रुंद. म्हणून एक नोकर तीनचाकी सायकलवर पुढे धाडलेला असे. समोरून कुणी येत असेल तर त्याला थोपवायचे, हे त्याचे काम. त्या काळी ओढायचे की हाकायचे हा प्रश्नच नव्हता, कारण घोड्याच्या पाठीवर घर बांधता येत नाही. मोटार आल्यावर तो निर्माण झाला.

आरंभी धनिकांचा ओढा मोटारघराकडे होता. १९१५ साली न्यूयॉर्कजवळच्या हंटिंग्टनहून रोलंड कॉन्क्लिन नावाचे गृहस्थ सहकुटुंब सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाले. ते बसगाड्या बांधण्याच्या धंद्यातले होते. घरच्याच कारखान्याची मोठी बस घेऊन तिचे त्यांनी घर केले. लांबी २५ फूट, वजन ८ टन! आत स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि छपरावर बाग. वर्तमानपत्रांनी वर्णने छापली, लोक थक्क झाले. पण मंडळी, तेव्हाचे अमेरिकेतले रस्ते आजच्यासारखे नव्हते. शहराची वेस ओलांडली की चिखल. आठ टनांचे धूड चिखलात रुतले की बाहेर काढायचे सामान त्यांना बरोबर बाळगावे लागे. ज्याच्या पदरी कारखाना आहे त्याने ही हौस करावी. पगारदार माणसाला ती जमणारी नव्हती.

पगारदार माणसाची सोय केली ती एका सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञाने. डेट्रॉइटचे आर्थर शर्मन हे औषधांच्या धंद्यात होते. बायकामुलांना घेऊन सुटीवर जायचे म्हणून त्यांनी घडीचा तंबू बसवलेला एक ट्रेलर विकत घेतला. पाच मिनिटांत उभा राहतो, अशी त्याची जाहिरात होती. मुक्कामावर पाऊस लागला, तासभर खटपट केली तरी तंबू नीट उभा राहीना, आणि सारे कुटुंब चिंब भिजले. घरी आल्यावर शर्मन यांनी तंबूचा नाद सोडला आणि लाकडी भिंतींचा, पक्क्या छपराचा, सहा फूट रुंद व नऊ फूट लांब असा एक डबा सुताराकडून करून घेतला. पोरांनी त्याचे नाव ठेवले ‘कव्हर्ड वॅगन’, म्हणजे छपराची गाडी. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिमेकडे वसाहतीला निघालेले लोक अशाच नावाच्या बैलगाड्यांतून गेले होते. जानेवारी १९३० मध्ये हा डबा त्यांनी डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात मांडला. किंमत ४०० डॉलर. आता काळ पाहा कसला! १९२९ च्या अखेरीस शेअरबाजार कोसळलेला, मंदीची सुरुवात झालेली. तरीही प्रदर्शन संपेपर्यंत ११८ जणांनी मागणी नोंदवली. सहा-सात वर्षांत शर्मन यांचा कारखाना ट्रेलरच्या धंद्यात देशात पहिला झाला.

ट्रेलरने बाजी मारली ती का, हे नीट पाहिले पाहिजे. घरात फोर्ड मोटार होतीच. तिच्यामागे आणखी एक डबा जोडायचा, एवढाच खर्च. शिवाय यंत्र आणि घर यांचे म्हातारपण एका वेळी येत नाही. मोटार पाच-सात वर्षांत खिळखिळी होते, लाकूडकाम नीट ठेवले तर पुष्कळ टिकते. ट्रेलर असला तर मोटार बदलता येते. मोटारघरात इंजिन बिघडले तर चूल, बिछाना, पोरांची दप्तरे, सगळा संसार मिस्त्रीच्या दारात जाऊन बसतो. हे कारण मला सर्वांत वजनदार वाटते, आणि ते आजही खरे आहे.

याच सुमारास वॉली बायम पुढे आला. हा ऑरेगनचा. पोरवयात मेंढ्या राखताना तो गाढव जोडलेल्या छपराच्या गाडीत राहत असे. आत घासलेटचा स्टोव्ह आणि पाणी. आपल्याकडे धनगराचा संसार घोड्याच्या पाठीवर असतो, तशातला प्रकार. पुढे तो छापखाना व जाहिरातीच्या धंद्यात शिरला. पत्नीला जमिनीवर अंथरूण टाकून झोपणे रुचेना, म्हणून त्याने स्वतःच ट्रेलर बांधला आणि तो कसा बांधावा याची माहिती टपालाने विकू लागला. १९३६ साली त्याचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आला. अॅल्युमिनियमचा, विमानाच्या पोटासारखा गोलसर. किंमत १२०० डॉलर, म्हणजे शर्मन यांच्या पहिल्या डब्याच्या तिप्पट. दोन्ही बाजू गोल केल्या की वारा कमी अडतो आणि ओढणाऱ्या मोटारीवर ताण कमी पडतो, हे त्यातले शास्त्र.

परंतु मंदीच्या काळात या ट्रेलरमध्ये सगळेच काही सहलीचे प्रवासी नव्हते. कुणाचे घर गहाण पडून गेले होते, कुणी कामाच्या शोधात गावोगाव फिरत होता. बैल सोडता येतात म्हटल्यावर माणूस मुक्काम वाढवतो. आठवड्याचा महिना होतो, महिन्याचे वर्ष होते. मग गावकऱ्यांची कुरकुर सुरू झाली. ‘हे लोक घरपट्टी देत नाहीत, आणि आमच्या शाळेत पोरे घालतात.’ कित्येक गावांनी ट्रेलर किती दिवस उभा ठेवावा याला मर्यादा घातली. उलट रॉजर बॅबसन या नामांकित अर्थतज्ज्ञाने भाकीत केले की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील! तसे झाले नाही. पण दुसऱ्या महायुद्धात युद्धसाहित्याचे कारखाने उघडले, कामगारांना घरे मिळेनात, तेव्हा सरकारनेच हजारो ट्रेलर खरेदी करून त्यांना राहायला दिले. काल ज्यांना गावाबाहेर जा म्हणत होते, त्यांच्यावाचून आज बाँबफेकी विमाने तयार होईनात.

युद्धानंतर आणखी गंमत झाली. लोक त्यात राहतातच आहेत, तर जरा ऐसपैस का करू नये, असा विचार कारखानदारांनी केला. १९५४ मध्ये विस्कॉन्सिनच्या एल्मर फ्रे यांनी आठ फुटांऐवजी दहा फूट रुंदीचा ट्रेलर आणला. एवढी रुंद वस्तू रस्त्यावरून न्यायला खास परवाना लागतो. म्हणजे तो एकदा जागेवर नेऊन ठेवायचा, की झाले. चाके नावाला उरली. बैल सोडले ते पुन्हा जुंपलेच नाहीत! आज अमेरिकेत लक्षावधी गरीब कुटुंबे अशा घरांत राहतात. पुष्कळांचे घर स्वतःचे, पण खालची जमीन दुसऱ्याची. भाडे वाढले तर घर हलवावे म्हटले तरी हलवण्याचा खर्च झेपत नाही.

सगळेच ट्रेलर मात्र असे रुतले नाहीत. बायमने १९५१ पासून आपल्या गिऱ्हाइकांचे तांडे काढायला सुरुवात केली. पहिला मेक्सिको व मध्य अमेरिकेकडे. १९५९-६० मध्ये ४१ ट्रेलरांचा तांडा आफ्रिकेत केपटाऊनहून कैरोला गेला. गुरुजींनी वर्गात नकाशावर ही वाट मुलांना जरूर दाखवावी. खंडाचे एक टोक ते दुसरे टोक आहे ते. इथिओपियाच्या डोंगरांत रस्ता म्हणजे केवळ दगडांची वाट होती. तिथे ट्रेलरांचे फार हाल झाले, तरी तांडा कैरोला पोचला. १९६२ मध्ये बायम वारला. त्यानंतर १९६३-६४ साली एक तांडा सिंगापूरहून निघून लिस्बनपर्यंत गेला. त्याची वाट आपल्या भारतातूनही गेली होती.

मोटारघराचे दिवस उशिरा आले. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत रुंद महामार्ग बांधायला घेतले. १९५८ च्या सुमारास मिशिगनच्या रेमंड फ्रँक यांनी स्वतःच्या कुटुंबासाठी मोटारघर बांधले आणि पुढे त्याचाच धंदा केला. पण ते सर्वसामान्यांच्या आटोक्यात आणले आयोवातल्या फॉरेस्ट सिटीने. हे शेतीवर जगणारे छोटे गाव. शेतीला बरकत नाही, पोरांना काम नाही. तेव्हा गावच्या व्यापाऱ्यांनी १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका ट्रेलर कंपनीला आपल्या गावी कारखाना काढायला लावला. तो लवकरच डबघाईला आला. जॉन हॅन्सन या स्थानिक माणसाने चौघांना बरोबर घेऊन तो विकत घेतला. हॅन्सन यांचे दुकान होते फर्निचरचे, आणि जोडीला प्रेतसंस्काराची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय! याच कारखान्याचे नाव पुढे ‘विनेबागो’ झाले. १९६६ साली त्यांनी एकापाठोपाठ एक अशी जुळणी करून मोटारघरे काढली, आणि इतरांच्या साधारण निम्म्या किमतीत विकली. काही वर्षांत अमेरिकेत मोटारघर म्हणजे विनेबागो असे समीकरण झाले. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल रोखले तेव्हा याच गावाला पहिला फटका बसला. गॅलनला आठ-दहा मैल जाणारी गाडी घेणार कोण? कामगारांना घरी बसावे लागले.

आता कुणी विचारील, चार-सहा महिने फिरायचे तर घ्यावे काय? मी उलट विचारतो, तुम्ही थांबणार किती? एका गावी पंधरा दिवस राहून आसपास हिंडायचे असेल तर ट्रेलर बरा. घर झाडाखाली ठेवा आणि सुटी मोटार घेऊन बाजाराला जा. रोज संध्याकाळी नवे गाव गाठायचे असेल तर मोटारघर. रोज जुंपणे-सोडणे नको, आणि पाऊस असला तरी बाहेर न उतरता चुलीपाशी जाता येते. म्हातारी माणसे बरोबर असतील तर त्यांना चालत्या मोटारघरात नीट बसता येते. ब्रिटनमध्ये चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणसे बसवायला मनाई आहे.

ट्रेलरवाल्याने मात्र बैलगाडीचा नियम विसरू नये. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलळते, हे आपल्याला ठाऊक आहे. ट्रेलरमध्ये ओझे मागे गेले तर तो भरधाव वेगात शेपटासारखा डावी-उजवीकडे झोके खाऊ लागतो, आणि अखेर मोटारीलाही घेऊन उलटतो. म्हणून जड सामान आखाजवळ आणि थोडे पुढे भरतात. अमेरिकेत एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडावर यावा असा प्रघात आहे. मागे घेताना चाक उजवीकडे वळवले तर ट्रेलरचे बूड डावीकडे जाते. आपले ट्रॅक्टरवाले हे लीलया करतात. मुंबईच्या मोटारवाल्याला घाम फुटेल.

२००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत घर गमावलेली कित्येक वृद्ध माणसे गाडीत राहून हंगामी कामे करीत फिरू लागली. जेसिका ब्रुडर या पत्रकार बाईंनी २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्यांची हकिकत लिहिली आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांनी साधी व्हॅन पसंत केली. रस्त्याकडेला झोपले असताना कुणी दार ठोठावले, तर खाली न उतरता चावी फिरवून निघून जाता येते. ऊसतोडीला निघालेली आपल्या बीडकडची कुटुंबे ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, पोरे घेऊन दरवर्षी निघतात, त्यांना मात्र असा काही पर्याय कुणी दिलेला नाही. हौशी प्रवाशांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले आहे, आणि त्यात ओढायची व हाकायची अशी दोन्ही घरे येतात.

आणि अमेरिकेतली अगदी मोठी मोटारघरे पाहाल तर हसू येईल. ओढाओढ नको म्हणून लाखो डॉलर घालून ती घेतात. मग एवढे धूड घेऊन दूध आणायला जाता येत नाही, म्हणून त्यांच्यामागे एक छोटी मोटार बांधून ओढत नेतात.