ॲस्टेरिक्स (ॲनिमेशनपट)

रोमन साम्राज्याला अखेरपर्यंत दाद न देणाऱ्या एका गॉल खेड्यातील योद्ध्यांच्या फ्रेंच चित्रकथामालेवर आधारलेली ॲनिमेशनपटांची मालिका. १९६७ ते २०१८ या काळात तिचे दहा पूर्ण लांबीचे चित्रपट प्रदर्शित झाले. या अर्धशतकात निर्मितिसंस्था, दिग्दर्शक आणि रेखाटनाची तंत्रे अनेकदा बदलली. मात्र दहांपैकी पहिल्या नऊ चित्रपटांच्या फ्रेंच आवृत्त्यांत नायकाचा आवाज एकाच नटाचा, रोझे कारेल यांचा, राहिला. मालिकेचे सातत्य त्यामुळे चित्रांइतकेच आवाजावरही उभे आहे.

मूळ चित्रकथा : लेखक रने गोसिनी (१९२६–७७) आणि चित्रकार आल्बेर उदेर्झो (१९२७–२०२०) यांची ही चित्रकथा २९ ऑक्टोबर १९५९ रोजी ‘पिलोत’ या फ्रेंच साप्ताहिकाच्या पहिल्या अंकात अवतरली. कथाकाळ इ. स. पू. ५० हा असून त्याआधी दोन वर्षे, आलेझियाच्या वेढ्यात, ज्यूलियस सीझरने गॉल सरदार व्हेर्सिंजेटोरिक्सचा पाडाव केलेला होता. गॉल म्हणजे स्थूलमानाने आजच्या फ्रान्सचा प्रदेश. त्याच्या वायव्य किनाऱ्यावरील आर्मोरिका भागात (सध्याचा ब्रिटनी) हे काल्पनिक खेडे वसवलेले आहे. खेड्यातील ड्रुइड, म्हणजे केल्ट समाजातील पुरोहित व ज्ञानी पुरुष, एक काढा तयार करतो आणि तो प्यायल्यावर गावकऱ्यांच्या अंगी काही काळ अचाट बळ येते. ठेंगणा व चतुर ॲस्टेरिक्स, तसेच लहानपणी काढ्याच्या कढईत पडल्यामुळे कायमचा बलदंड झालेला ओबेलिक्स हे कथेचे दोन नायक होत. ओबेलिक्सचा धंदा मेन्हिर, म्हणजे प्रागैतिहासिक काळी उभारल्या जाणाऱ्या उंच शिळा, घडवून पोहोचवण्याचा आहे.

या खेड्याच्या प्रतिकारात दुसऱ्या महायुद्धातील जर्मनव्याप्त फ्रान्सचे प्रतिबिंब काही अभ्यासकांना दिसते. इतरांच्या मते ही मालिका मुख्यतः समकालीन फ्रेंच स्वभावाचे विनोदी चित्रण आहे.

पहिले तीन चित्रपट : ‘ॲस्टेरिक्स द गॉल’ (१९६७) हा चित्रपट ब्रुसेल्स येथील बेलव्हिजन या संस्थेत रे गोसेन्स यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झाला. प्रकाशक दार्गो यांच्या पुढाकाराने झालेल्या या निर्मितीची कल्पना खुद्द गोसिनी व उदेर्झो यांना उशिरापर्यंत नव्हती. मुळात दूरचित्रवाणीसाठी योजलेला हा चित्रपट चित्रगृहांत लागला आणि चालला. परंतु त्याच्या काटकसरीच्या ॲनिमेशनवर दोघेही नाराज होते. त्याच धर्तीवर सुरू झालेला पुढील चित्रपट त्यांच्या आग्रहामुळे सोडून देण्यात आला आणि ‘ॲस्टेरिक्स अँड क्लिओपात्रा’च्या (१९६८) दिग्दर्शनात ते स्वतः सहभागी झाले. या चित्रपटात क्लिओपात्राला मिशेलिन दाक्स यांनी आवाज दिला. राणीचे स्नानगीत आणि विषारी केक बनवताना गायले जाणारे गाणे यांवरून लेखकद्वयाने चित्रकथेच्या स्थिर चौकटींपलीकडे जाऊन ध्वनीचा स्वतंत्र विचार केला होता, हे स्पष्ट होते.

१९७४ मध्ये गोसिनी, उदेर्झो आणि जॉर्ज दार्गो यांनी पॅरिसमध्ये ‘स्टुडिओ इदेफिक्स’ हा स्वतःचा ॲनिमेशन स्टुडिओ स्थापन केला. तेथे तयार झालेल्या ‘द ट्वेल्व्ह टास्क्स ऑफ ॲस्टेरिक्स’ची (१९७६) कथा कोणत्याही पुस्तकावरून घेतलेली नाही. हर्क्युलीसच्या बारा पराक्रमांच्या धर्तीवर सीझर गॉलांना बारा कामगिऱ्या देतो आणि त्या पार पडल्यास हार पत्करण्याचे वचन देतो, असे तिचे कथासूत्र आहे. त्यातील एका कामगिरीत नायकांना एका सरकारी कचेरीतून ‘अ-३८’ हा परवाना मिळवायचा असतो आणि त्यासाठी त्यांना खिडक्याखिडक्यांवर हेलपाटे घालावे लागतात. जर्मनीत हा परवाना नोकरशाहीच्या छळाचा वाक्प्रचार बनला. प्रत्येक खिडकीवरचा कारकून निराळ्या सुरात, पण सारख्याच बेपर्वाईने बोलतो, त्यामुळे हा प्रसंग मालिकेतील आवाजाच्या अभिनयाचा उत्तम नमुना मानावा लागतो. नोव्हेंबर १९७७ मध्ये गोसिनी यांचे निधन झाले आणि स्टुडिओ लवकरच बंद पडला.

पुढील चित्रपट : गोमाँ या फ्रेंच संस्थेने ‘ॲस्टेरिक्स व्हर्सेस सीझर’ (१९८५), ‘ॲस्टेरिक्स इन ब्रिटन’ (१९८६) आणि ‘ॲस्टेरिक्स अँड द बिग फाइट’ (१९८९) हे चित्रपट काढले. दुसऱ्यात ब्रिटन पात्रे इंग्रजी वाक्यरचनेची फ्रेंच बोलतात. ‘ॲस्टेरिक्स कॉन्कर्स अमेरिका’ (१९९४) ही जर्मन निर्मिती होती. ‘ॲस्टेरिक्स अँड द व्हायकिंग्ज’ (२००६) डेन्मार्कमधील स्टेफान फ्येल्डमार्क व येस्पर म्योलर यांनी दिग्दर्शित केला. १९७१ च्या पुस्तकावरील ‘द मॅन्शन्स ऑफ द गॉड्स’ (२०१४) हा मालिकेतील पहिला त्रिमित संगणकीय ॲनिमेशनपट होय. आलेक्सांद्र आस्तिए आणि लुई क्लिशी या त्याच्याच दिग्दर्शकांनी पुढे ‘द सीक्रेट ऑफ द मॅजिक पोशन’ (२०१८) केला.

संगीत : पहिल्या तीन चित्रपटांना जेरार काल्व्ही यांचे संगीत आहे.

आवाज देणारे कलाकार : रोझे कारेल (१९२७–२०२०) यांनी १९६७ पासून २०१४ पर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, ॲस्टेरिक्सला आवाज दिला, अखेरच्या चित्रपटाच्या वेळी ते ८७ वर्षांचे होते. ‘स्टार वॉर्स’मधील सी-थ्रीपीओ, विनी द पू आणि डेव्हिड सूशे यांनी साकारलेला पॉयरो यांनाही फ्रेंच प्रेक्षकांनी त्यांच्याच आवाजात ऐकले. चपळ, किंचित अनुनासिक आणि क्षणात चिडून क्षणात निवळणारा हा आवाज शरीरबळापेक्षा बुद्धीवर विसंबणाऱ्या योद्ध्याला शोभणारा होता. चित्रकार बदलला की पात्राच्या चेहऱ्याची ठेवण थोडी बदलते. तो फरक प्रेक्षकांना खटकू न देण्याचे काम येथे कारेल यांच्या उच्चारशैलीने केले.

ओबेलिक्सला मात्र अनेक आवाज लाभले : जाक मोरेल (१९६७–७६), पिएर तोर्नाद (१९८५–९४), जाक फ्रांत्झ (२००६) आणि गियोम ब्रिया (२०१४, २०१८). २०१४ पासून ड्रुइडची भूमिका बेर्नार आलान यांच्याकडे आली.

डबिंग, म्हणजे तयार चित्रपटातील संवाद दुसऱ्या भाषेत पुन्हा ध्वनिमुद्रित करणे, या पद्धतीने चित्रपट इतर भाषांत गेले. इंग्रजीत ॲस्टेरिक्सला १९८९ च्या चित्रपटात बिल ऑडी यांनी, तर २००६ मध्ये पॉल जियामाटी यांनी आवाज दिला.

कारेल यांच्यानंतर निवडीची रीतच बदललेली दिसते. २०१८ मध्ये ॲस्टेरिक्सचा आवाज झालेले क्रिस्तियाँ क्लाव्हिए यांनी १९९९ व २००२ च्या, प्रत्यक्ष नटांना घेऊन चित्रित केलेल्या चित्रपटांत तीच भूमिका केली होती. २०२५ च्या पाच भागांच्या ॲनिमेशन मालिकेत दिग्दर्शक आलाँ शाबा यांनी स्वतः ॲस्टेरिक्सला, तर २०२३ च्या चित्रपटातील ओबेलिक्स जील लेलूश यांनी पुन्हा ओबेलिक्सलाच आवाज दिला. पडद्यामागे राहून केवळ आवाजावर पात्र उभे करणाऱ्या नटांची जागा अशा प्रकारे पडद्यावरील ओळखीच्या चेहऱ्यांनी घेतली.