विमान देखभाल अभियंता व्हायचंय? आधी पदवी आणि परवाना यातला फरक समजून घ्या

बारावी सायन्सचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये ठरलेली चर्चा सुरू होते. नीट, सीईटी, नाहीतर पोलीस भरती आणि एमपीएससी. विमान देखभाल अभियांत्रिकी, म्हणजे एएमई, हे नाव त्यात क्वचित येते. आले तरी एखाद्या खासगी संस्थेच्या जाहिरातीतून येते आणि आई-वडील कर्ज काढून फी भरून मोकळे होतात. विद्यार्थी आणि कार्यकर्ते दोघांनाही उपयोगी पडेल अशी मूलभूत माहिती आम्ही येथे देत आहोत.

काम नेमके काय?

देखभाल किंवा दुरुस्ती झाल्यावर विमान उड्डाणास योग्य असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यावर अधिकृत व्यक्तीची सही झाल्याशिवाय वैमानिक कितीही अनुभवी असला तरी विमान उडवता येत नाही. सही करणारा त्या कामाला कायद्याने जबाबदार असतो. म्हणूनच या व्यवसायात कॉलेजच्या सर्टिफिकेटपेक्षा सरकारी परवान्याला महत्त्व आहे. भारतात हा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. त्याचे नियम 'सीएआर-६६' मध्ये आहेत, तर प्रशिक्षण संस्थांना मान्यता 'सीएआर-१४७' खाली मिळते.

परवान्याचे प्रकार

'ए' वर्गाचा परवानाधारक मर्यादित, ठरावीक स्वरूपाची कामे प्रमाणित करतो. 'बी१' मध्ये विमानाचा सांगाडा, इंजिन, यांत्रिक आणि विद्युत यंत्रणा येतात. त्यातला 'बी१.१' हा टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी आणि 'बी१.३' टर्बाइन हेलिकॉप्टरसाठी असतो. 'बी२' म्हणजे एव्हिऑनिक्स: रेडिओ, दिशादर्शन, उपकरणे आणि विद्युत यंत्रणा. 'सी' वर्ग मोठ्या तपासणीनंतर संपूर्ण विमान प्रमाणित करण्यासाठी असतो. नवख्या विद्यार्थ्याने सहसा 'बी१.१' किंवा 'बी२' यांतून निवड करायची असते.

पात्रता, अभ्यास आणि अनुभव

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. अभियांत्रिकी डिप्लोमाधारकांनाही वाट खुली आहे. मान्यताप्राप्त संस्थेतला 'बी१.१' किंवा 'बी२'चा मूलभूत अभ्यासक्रम २४०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा असतो. त्याशिवाय प्रत्यक्ष सेवेत असलेल्या विमानांवर २ वर्षांचा अनुभव लागतो. मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलेच नसेल तर हाच अनुभव ५ वर्षांचा लागतो. परवान्यासाठी वय किमान १८ हवे.

परीक्षा मॉड्यूलनुसार होते. गणित, भौतिकशास्त्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, साहित्य व हार्डवेअर, देखभाल पद्धती, वायुगतिकी, मानवी घटक, विमान कायदे, गॅस टर्बाइन इंजिन असे विषय त्यात असतात. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक मॉड्यूलमध्ये ७५ टक्के गुण लागतात. ३५ टक्क्यांवर पास होण्याची सवय येथे चालत नाही. प्रश्न इंग्रजीत असतात. त्यामुळे मराठी माध्यमातल्या मुलांनी तांत्रिक इंग्रजी वाचण्याचा सराव पहिल्या दिवसापासून करावा.

मूळ परवाना हातात आला म्हणजे लगेच मोठ्या विमानावर सही करता येते असे नाही. त्या विमानाचे, उदाहरणार्थ एअरबस ए३२० चे, 'टाइप रेटिंग' घ्यावे लागते आणि त्यानंतर कंपनी सहीचा अधिकार देते.

गल्लत होते ती येथे

एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची बी.टेक. पदवी म्हणजे एएमई परवाना नव्हे. पदवीचा रोख विमानाची रचना आणि संशोधन यांवर असतो, परवान्याचा देखभालीवर. तसेच संस्थेचे कोर्स पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र म्हणजेही परवाना नव्हे. परवान्याविना विद्यार्थी टेक्निशियन किंवा मदतनीस म्हणून काम करू शकतो, पण सहीचा अधिकार आणि त्याबरोबर येणारा पगार त्याला मिळत नाही.

कमी खर्चात या क्षेत्रात शिरायचे असेल तर आयटीआयमधला 'एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर' हा ट्रेड आहे. त्यातून टेक्निशियन म्हणून सुरुवात करून, अनुभव घेत पुढे परवान्याच्या परीक्षा देता येतात.

आपल्यासाठी मुद्द्याची गोष्ट

एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली. इंडिगोसारख्या मोठ्या कंपन्या खासगीच आहेत. तिथे आरक्षण नाही. पण परवाना व्यक्तीच्या नावावर असतो आणि त्याच्या परीक्षेत ओळखपाळख चालत नाही. मुंबईत विमान देखभालीची मोठी केंद्रे आहेत. नागपूरच्या मिहानमध्ये सरकारी मालकीच्या एआयईएसएलचे दुरुस्ती केंद्र आहे. म्हणजे विदर्भातल्या मुलांना हे क्षेत्र घराजवळ आहे.

प्रवेशाआधी हे तपासा

१. संस्थेचे नाव डीजीसीएच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त यादीत आहे का? मान्यता कोणत्या वर्गासाठी आहे आणि तिची मुदत कधीपर्यंत आहे?

२. सेवेतल्या विमानांवरचा अनुभव कुठे मिळणार? ते लेखी घ्या. 'शंभर टक्के नोकरी' या तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

३. मागच्या तुकड्यांतल्या किती जणांना प्रत्यक्ष परवाना मिळाला? माजी विद्यार्थ्यांना भेटून विचारा.

४. एकूण खर्च किती? फी, परीक्षा शुल्क, वसतिगृह, सगळे धरून.

५. हा अभ्यासक्रम महाडीबीटीवरील मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत बसतो का? फी भरण्याआधी समाजकल्याण कार्यालयात खात्री करा. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही केंद्राच्या सवलती लागू आहेत. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला बारावीतच काढून ठेवा.

कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की, निकालाच्या दिवसांत विहारात एक मार्गदर्शन शिबिर ठेवा आणि त्यात परवानाधारक अभियंत्याला बोलवा. जाहिरात बघून फी भरणारे एक कुटुंब जरी त्यामुळे थांबून विचार करू लागले, तरी शिबिराचे सार्थक झाले.